बगळ्याचे दुसरे छायाचित्र

माझ्या संग्रही एका झाडाची एकेचाळीस छायाचित्रे आहेत. झाड म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला जुना पर्जन्यवृक्ष; आणि छायाचित्रे खरे तर झाडाची नव्हेत, त्याच्या वरच्या फांद्यांवर घरटी केलेल्या ढोकऱ्यांची. २०१४ च्या जुलै महिन्यात, पावसाची उघडीप मिळेल तसतशी, शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून मी ती काढली. एरवी मातकट रंगाचा, चिखलाशी एकरूप होऊन जाणारा हा छोटा बगळा विणीच्या दिवसांत ओळखू येत नाही. पाठीवर गर्द तांबूस पिसांची शाल येते, माथ्यामागे दोन-तीन लांब पांढरी पिसे लोंबू लागतात, चोचीच्या मुळाशी निळी झाक चढते. चित्रे चांगली आली. मित्रांनी वाखाणली. एका घरट्यातली निळसर हिरवी अंडी, दुसऱ्यातली विस्कटलेल्या लवेची पिल्ले, सारे काही मिळाले होते. काम झाले असे समजून मी कॅमेरा कपाटात ठेवला.

ऑगस्टच्या मध्यावर एका संध्याकाळी घरी परतलो, तेव्हा झाडाची छाटणी झालेली होती. झाडाखाली लावलेल्या मोटारींवर शीट पडते, वास येतो, ही रहिवाशांची तक्रार खोटी नव्हती. ती मीही नाकाने अनुभवत होतो. फांद्यांबरोबर खाली आलेली पिल्ले पालापाचोळ्यासकट उचलून नेली गेली होती. मी अर्ज केला. उत्तर आले, की छाटणीच्या दिवशी घरटी रिकामी होती. याउलट पुरावा असल्यास सादर करावा. माझ्याकडचे शेवटचे छायाचित्र तेवीस दिवस जुने होते.

त्या अर्जाचे पुढे काही झाले नाही. पण त्यानंतरच्या वर्षभरात, माणूस बगळ्याच्या जवळ कसकसा जात गेला याचा इतिहास मी जमेल तसा वाचत राहिलो, आणि त्यात माझ्या चुकीच्या नेमकी उलट अशी एक हकिगत सापडली. तिच्यापर्यंत पोचण्यासाठी जरा मागून सुरुवात करायला हवी.

ढोकरीला तिचे शास्त्रीय नाव आपल्याच दख्खनामुळे मिळाले, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करण्याचे काम त्याच्याकडे होते. गावे, पिके, हवामान, लोकसंख्या यांच्या जोडीला त्याने पशुपक्ष्यांचीही मोजदाद केली, आणि १८३२ साली लंडनमध्ये दख्खनच्या पक्ष्यांची आपली यादी सादर केली. त्या यादीत या पक्ष्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन आले. ब्रिटिश म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे याच्या नावावरून साइक्सने त्याला नाव दिले. आज तो ‘आर्डिओला ग्रेयी’ म्हणून ओळखला जातो. त्या काळी पक्षी पाहणे म्हणजे तो मारणे, कातडे सोलणे आणि जहाजाने पाठवणे. बंदूक हीच दुर्बीण होती. यात साइक्सला दोष देण्यासारखे काही नाही. त्याच्यापुढे दुसरे साधनच नव्हते.

परंतु ज्यांच्या शेतात हा पक्षी रोज उभा असे, त्यांनी तरी तो किती पाहिला? पुस्तकी मराठीत त्याचे नाव ‘वंचक’, म्हणजे फसवणारा. हिंदीत त्याला ‘अंधा बगला’ म्हणतात, आणि सिंहली भाषेतले ‘कणा कोका’ हे नावही त्याच्या दृष्टिदोषावरच बोट ठेवते. कारण उघड आहे. माणूस चार-पाच पावलांवर येईपर्यंत ढोकरी हलत नाही. आपल्या मातकट रंगावर तिचा एवढा विश्वास असतो. मग एकाएकी पायाजवळून पांढरेशुभ्र पंख उघडून ती उडते, आणि पाहणारा दचकतो. पक्ष्याला आपण दिसलो नाही असा निष्कर्ष माणसाने काढला. पक्षी आपल्याला दिसला नव्हता, हे सोयीस्करपणे विसरून! पंचतंत्रातला बक लबाड, ‘बकध्यान’ म्हणजे ढोंग. आपल्या परंपरेने बगळ्यावर नीतिकथा पुष्कळ रचल्या, निरीक्षण त्या मानाने बेताचेच केले. अपवाद अर्थातच आहेत. पहिल्या पावसाचे ढग आणि बलाकांची वीण यांचा संबंध ‘मेघदूता’च्या कर्त्याला नेमका ठाऊक होता. पण बगळ्याचे झाडावरचे दिवस, त्याचे घरटे, पिल्लांना भरवणे, यांची नोंद करावी असे फारसे कुणाला वाटले नाही.

ती वेळ आली तीही या पिसांच्याच पायी. विणीच्या काळात पांढऱ्या बगळ्यांच्या पाठीवर जाळीदार, तरल पिसांचा झुबका येतो. हंगाम संपला की तो जातो. मोगल अमदानीतल्या पगडीवरच्या कलगीतही बगळ्याचेच पीस असे, तेव्हा हा शौक केवळ पाश्चात्त्यांचा होता असे म्हणता येणार नाही. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतल्या स्त्रियांच्या टोप्यांवर ही पिसे खोचण्याची फॅशन आली आणि दरबारी शौकाचा जागतिक व्यापार झाला. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ विल्यम हॉर्नडे याने १९१३ च्या आपल्या पुस्तकात लंडनच्या लिलावांचे आकडे दिले आहेत. १९०२ या एका वर्षात तिथे बगळ्यांच्या पिसांचे १,६०८ गठ्ठे विकले गेले. गठ्ठ्याचे सरासरी वजन ३० औंस. एक औंस पिसांसाठी सुमारे चार पक्षी लागतात, म्हणजे हे १,९२,९६० पक्षी झाले. औंसाला मिळणारा भाव सोन्याहून चढा होता.

या हिशेबात पिल्ले धरलेली नाहीत. पिसे फक्त विणीच्या काळात येतात, आणि त्याच काळात बगळा घरटे सोडून जात नाही. शिकाऱ्याला म्हणूनच तो सहज सापडतो. एका नर-मादीच्या मागे तीन-चार पिल्ले उपाशी मरतात. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या डिड्सबरी येथे एमिली विल्यमसन यांनी १८८९ साली पिसे न वापरणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली; तीच पुढे पक्षिसंरक्षणाची ‘रॉयल सोसायटी’ झाली. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत बगळ्यांच्या वसाहती राखणारा गाय ब्रॅडली १९०५ च्या जुलैत शिकाऱ्यांच्या गोळीला बळी पडला. तरीही व्यापारी आपल्या म्हणण्यावर ठाम होते: ही पिसे पक्षी मारून मिळवलेली नाहीत, गळून पडलेली वेचलेली आहेत. हे म्हणणे खोडून काढायचे तर घरट्यापाशी प्रत्यक्ष काय घडते ते दाखवायला हवे होते. टोपी लंडनमध्ये होती. घरटे हजारो मैल दूर, कुणाच्या तरी गावाशेजारच्या दलदलीत.

कॅमेरा एव्हाना तिथपर्यंत पोचण्याच्या बेतात होता. गंमत अशी, की बंदुकीचे रूप त्याला सहजी सोडता येत नव्हते. एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८२ साली उडत्या पक्ष्यांची सेकंदाला बारा चित्रे घेणारे जे यंत्र बनवले, ते दिसायला हुबेहूब बंदूक होते; खांद्याला लावायचे आणि चाप ओढायचा. रिचर्ड आणि चेरी कीर्टन या इंग्रज बंधूंनी १८९२ साली पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले, आणि १८९५ मध्ये छायाचित्रांनीच सजलेले पक्ष्यांच्या घरट्यांवरचे पुस्तक काढले. जवळ जाण्यासाठी त्यांनी काय काय केले! बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल तयार करून त्याच्या पोटात कॅमेऱ्यासह ते तासन् तास बसत. मराठी रानवाङ्मयात ज्याला ‘लपण’ म्हणतात त्याचाच हा नमुना. शिकाऱ्याची सगळी कला इथे आली होती. फक्त शेवटची गोळी वगळली होती.

आता ती हकिगत.

आर्थर मॅटिंग्ले हा मेलबर्नच्या जकात खात्यातला नोकरदार आणि हौशी पक्षिनिरीक्षक. मरे नदीकाठी, न्यू साउथ वेल्समधील मथूरा गावाजवळ, पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या निलगिरीच्या जंगलात पांढऱ्या बगळ्यांची वीण चालू होती. चितमपल्लींनी मराठीला दिलेला शब्द वापरायचा तर ते सारंगागार होते. १९०६ साली मॅटिंग्ले तिथे गेला. झाडे उंच, खाली पाणी, कॅमेरा जड. त्याने झाडावर चढून छायाचित्रे घेतली. मनाजोगती चित्रे घेऊन तो परत मेलबर्नला गेला. इथपर्यंत त्याची गोष्ट आणि माझी सारखीच आहे.

फरक पुढे आहे. त्याच्या संग्रहात एक चित्र कमी होते: पिल्लाला भरवणारा बगळा. या एका चित्रासाठी नाताळच्या सुट्टीत, ऐन उन्हाळ्यात (तिकडचा नाताळ उन्हाळ्यात येतो), डासांची पर्वा न करता तो पुन्हा त्याच जागी गेला. वसाहत जवळ आली तसे त्याला पाण्यावर आणि पडलेल्या ओंडक्यांवर पांढरे पांढरे काहीतरी दिसू लागले. जवळ गेल्यावर कळले, की ती मारलेल्या बगळ्यांची कलेवरे आहेत. पाठीवरची पिसे काढून घेऊन बाकीचा पक्षी टाकून दिलेला होता. वर घरट्यांत पिल्ले होती. काही मेलेली, काही अजून मान उंच करून ओरडणारी. मॅटिंग्लेने मारलेले पक्षी मोजले ते पन्नास, आणि त्यांच्यामागे उपासमारीने मरणारी पिल्ले सुमारे दोनशे.

त्याने कॅमेरा लावला आणि जे समोर होते ते घेतले. भरवणाऱ्या बगळ्याचे चित्र घ्यायला गेलेला माणूस न भरवलेल्या पिल्लांची चित्रे घेऊन परतला. ऑस्ट्रेलियन पक्षितज्ज्ञांच्या ‘द एमू’ या नियतकालिकात १९०७ साली ती प्रसिद्ध झाली.

जुन्या अंकाच्या संगणकावरच्या प्रतीत ही चित्रे मी प्रथम पाहिली, तेव्हा त्यांचा साधेपणा डोळ्यांत भरला. रचना म्हणून त्यांत काही विशेष नाही. काटक्यांचे घरटे, खाली मान टाकलेले पिल्लू, फांदी. संदर्भ ठाऊक नसेल तर त्यांवरून नजर सहज निसटेल. पण मॅटिंग्लेकडे त्याच वसाहतीची पहिली चित्रेही होती. जिवंत बगळा, मग मेलेला बगळा, मग पिल्लू: ही चित्रे ओळीने लावली की व्यापाऱ्यांच्या ‘गळून पडलेल्या’ पिसांचे पुढे काही बोलायचे उरत नव्हते. पहिले चित्र नसते तर दुसऱ्याला अर्थ नव्हता, आणि दुसरे नसते तर पहिले नुसतेच सुंदर राहिले असते.

लंडनच्या संस्थेने हे अचूक हेरले. १९११ च्या जुलैमध्ये, दुकानांतल्या सेलच्या मोसमात, या छायाचित्रांच्या मोठ्या प्रती फलकांवर चिकटवून, ते फलक पुढे-मागे अडकवलेली माणसे वेस्ट एंडच्या रस्त्यांवरून फिरवण्यात आली. टोप्यांची दुकाने उजव्या-डाव्या हाताला, आणि मधून मथूराची घरटी चाललेली! कायदा मात्र लगेच झाला नाही. मध्ये महायुद्ध गेले, आणि पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा ब्रिटिश कायदा १९२१ साली संमत झाला. तोवर फॅशनही बदलू लागली होती. आखूड केसांवर मोठी टोपी बसत नाही. तेव्हा केवळ छायाचित्रांनी बगळे वाचवले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. एवढे खरे, की ‘कुणी पाहिले आहे?’ या प्रश्नाला त्यांनी कायमचे उत्तर दिले.

आपल्याकडे काय चालले होते? हिंदुस्थान सरकारने पिसांच्या निर्यातीवर १९०२ सालीच बंदी घातली होती, ब्रिटनच्या कायद्याच्या जवळजवळ दोन दशके आधी. चोरटी निर्यात चालू राहिली हा भाग वेगळा. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या सिंधमध्ये तर निराळाच प्रकार होता. तिथल्या तळ्यांकाठचे कोळी लोक लहान पांढरे बगळे कोंडून पाळत, त्यांची वीण करवीत आणि जिवंत पक्ष्यांची पिसे वर्षातून अनेकदा उपटून विकीत. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये १९१४ च्या सुमारास या पालनाचे वृत्तान्त आले. घराजवळचा बगळा याहून जवळ कोण आणणार? पिसांच्या व्यापाराची बाजू घेणाऱ्यांना हा दाखला सोयीचा वाटला, कारण यात पक्षी मरत नव्हता. तो वृत्तान्त वाचताना मला मात्र राहून राहून कोंबड्यांची खुराडी आठवत होती.

याच्या नेमके विरुद्ध टोक मद्रासजवळच्या वेडंतांगल गावात दिसते. गावच्या तळ्यातल्या झाडांवर बगळे, पाणकावळे, करकोचे शतकानुशतके घरटी करीत आले. त्यांची विष्ठा पाण्यात मिसळते आणि ते पाणी भातशेतीला खतासारखे लागू पडते, हे गावकऱ्यांना ठाऊक होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस गोरे सैनिक तिथे नेमबाजीला येऊ लागले, तेव्हा गावकऱ्यांनी चेंगलपट्टूचा कलेक्टर लायनेल प्लेस याच्याकडे जाऊन पक्षी मारण्यास मनाई करणारा हुकूम मिळवला. म्हणजे आमच्या सोसायटीच्या रहिवाशांना जी विष्ठा मोटारीवर नको होती, तिच्याचसाठी दोनशे वर्षांपूर्वी एक गाव सरकारदरबारी गेले होते. अर्थात त्यांच्याकडे मोटारी नव्हत्या, आणि आमच्याकडे भातशेती नाही!

मॅटिंग्लेची चित्रे लंडनच्या रस्त्यांतून फिरली त्याच १९११ च्या उन्हाळ्यात, इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफकच्या पाणथळीत एमा टर्नर या बाईंना आणखी एक छायाचित्र मिळाले. बिटर्न हा बगळ्याच्याच कुळातला, बोरूच्या बेटांत दडून राहणारा पक्षी. इंग्लंडमध्ये त्याची वीण बंद झाली असे मानले जात होते. टर्नरबाईंनी हिकलिंग येथे, तिथला रखवालदार जिम व्हिन्सेंट याच्या सोबतीने, बिटर्नचे पिल्लू शोधून त्याचे चित्र घेतले आणि पक्षी परतल्याचे सिद्ध झाले. त्या वर्षातले कित्येक महिने याच पाण्यावर एका नौकाघरात राहत, आणि असे वर्षानुवर्षे राहत. तज्ज्ञ मंडळी लंडनहून येऊन-जाऊन असत. पिल्लू सापडले ते तिथेच मुक्काम असणाऱ्या दोघांना. मला यात योगायोग दिसत नाही. पुढे १९२८ साली मॅक्स निकल्सन या तरुणाने सामान्य लोकांना आपापल्या परिसरातली राखी बगळ्यांची घरटी मोजायला सांगितले. ती गणना इंग्लंडमध्ये आजतागायत चालू आहे.

आता थेट अलीकडे येऊ. २०२२ च्या सप्टेंबरात केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गाच्या रुंदीकरणासाठी घरट्यांनी भरलेले एक झाड यंत्राने पाडले गेले. झाड कोसळताना उडालेले पक्षी आणि रस्त्यावर विखुरलेली पिल्ले कुणीतरी मोबाइलवर टिपली. ते चित्रण देशभर पाहिले गेले, आणि वनखात्याने गुन्हा नोंदवला. चित्रण हलते, अंधुक, घाईचे आहे. छायाचित्रस्पर्धेत ते कुणी पाठवणार नाही. तसे पाहता, घरट्यावरच्या पक्ष्यांची चित्रे काही स्पर्धा आता स्वीकारतच नाहीत, आणि हा नियम मला पटतो. माणूस फार जवळ गेला की ढोकरी घरटे सोडते, आणि टपून बसलेल्या कावळ्याला तेवढा अवधी पुरतो. २०१४ साली अंड्यांचे चित्र मिळवताना मी गच्चीच्या कठड्यावरून किती वाकलो होतो, आणि तेवढ्या वेळात मादी कुठे जाऊन बसली होती, हे आठवले की ते चित्र आता कुणाला दाखवावेसे वाटत नाही. पण मग मॅटिंग्लेचे काय? त्याची सगळी चित्रे घरट्यांचीच होती. या पेचाचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही. मी अंतर वाढवले, एवढेच.

त्या पर्जन्यवृक्षाला हळूहळू पुन्हा फांद्या फुटल्या. २०१८ च्या पावसाळ्यात ढोकऱ्यांच्या दोन जोड्या परतल्या. तेव्हापासून जून ते सप्टेंबर दर रविवारी सकाळी, गच्चीच्या त्याच कोपऱ्यातून, कठड्यापासून दोन पावले मागे उभा राहून, मी संपूर्ण झाडाचे एकच छायाचित्र घेतो आणि त्याला तारखेचे नाव देतो. चित्रे कंटाळवाणी आहेत. पक्षी त्यांत बोटाच्या नखाएवढे दिसतात, बऱ्याचदा पावसामुळे तेवढेही नाही. सोसायटीच्या बैठकीत दोनदा मी ती ओळीने मांडून दाखवली. गेली तीन वर्षे छाटणी दिवाळीनंतर होते. मोटारींवर कापडी आच्छादने घालण्याचा खर्च वाटून घ्यायचे ठरले होते, त्यातले माझ्या वाट्याचे पैसे मी अजून दिलेले नाहीत.

गेल्या रविवारच्या चित्रात सात घरटी आहेत. पाचांवर पक्षी स्पष्ट दिसतात, सहाव्याचे पानांआड काही कळत नाही, आणि सातवे बहुधा कावळ्याचे असावे.